लिनक्सवर विनबॉक्स: ‘नेबर्स’ची रिकामी यादी आणि बाकीच्या कटकटी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन आला. मागं यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यावर आवाज चढवून आमच्याकडं नव्यानं लागलेला पोरगा विचारतोय, “अण्णा, काय सोडू?”

मी सांगत होतो ‘सुडो’, म्हणजे लिनक्सला पूर्ण अधिकारानं काम करायला सांगणारा शब्द. त्याला ऐकू येत होतं ‘सोडू’. टॉवेलच्या कारखान्यात उभं राहून तो बिचारा केबल सोडू का राउटर सोडू याचा विचार करत दहा मिनिटं थांबला होता. शेवटी मीच गाडी काढून गेलो. जाऊन बघतो तर बिघाड लिनक्सचा नव्हता, वाईनचाही (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) नव्हता. केबल राउटरच्या पहिल्या पोर्टमध्ये लावली होती, एवढंच. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय, कारण आमचा निम्मा वेळ असल्याच गोष्टींत जातो.

आमचं काम म्हणजे सोलापुरातले कारखाने, चादरींची दुकानं, दोन-तीन दवाखाने आणि एक-दोन केबलवाले यांचे राउटर सांभाळणं. त्यातले बहुतेक मायक्रोटिकचे. लॅटव्हिया देशातल्या रीगा शहरातली ही कंपनी, १९९६ पासूनची. तिचे राउटर सांभाळायचं खिडक्या-बटणांचं सॉफ्टवेअर म्हणजे विनबॉक्स, आणि नावाप्रमाणंच ते मुळात विंडोजसाठी केलेलं. आमच्याकडचे लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरना दारात उभं करत नाही. चालती यंत्रं भंगारात घालायचं जिवावर आलं, म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं. बिलं, ब्राउझर, प्रिंटर सगळं लागलीच रुळलं. अडलं ते विनबॉक्सपाशी.

वाचायच्या आधी एक सूचना. सगळ्या आज्ञा मी फोनवर सांगतो तशा उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी स्पेलिंगनं, लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायच्या. कॅपिटल लागेल तिथं मी सांगेन.

आधी बघा, वाईन लागतेच का

मायक्रोटिकनं २०२४ मध्ये विनबॉक्स ४ ची चाचणी आवृत्ती आणली. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर थेट चालते. नवीन सुरुवात करत असाल तर हाच रस्ता धरा. कंपनीच्या अधिकृत साइटवरून लिनक्सची झिप फाइल उतरवा, स्वतःच्या फोल्डरमध्ये मोकळी करा. आत विनबॉक्स नावाची फाइल आणि ‘ॲसेट्स’ नावाचा फोल्डर असतो. दोघांची ताटातूट करू नका. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्सवर जा आणि प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची परवानगी द्या. मग डबल क्लिक. काहीच उघडलं नाही तर त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘डॉट, स्लॅश, विनबॉक्स’ असं चालवा (इथं डब्ल्यू आणि बी कॅपिटल). कुठली लायब्ररी कमी आहे ते तिथं नावानिशी छापून येतं. तेवढी बसवली की काम झालं. मात्र हे ६४ बिटच्या इंटेल-एएमडी लिनक्ससाठीच आहे.

एखाद-दुसरी सेटिंग बदलायची असेल तर तेवढंही नको. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की वेबफिग उघडतं, त्यात विनबॉक्समधले बहुतेक मेनू तसेच असतात. टर्मिनलची सवय असेल तर एसएसएच, म्हणजे टर्मिनलमधूनच राउटरच्या आत जायची सुरक्षित वाट: ‘एसएसएच ॲडमिन ॲट १९२.१६८.८८.१’. जुन्या राउटरवर यात एक अडचण येते. ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ असं म्हणून लिनक्स दार लावून घेतं, कारण ओपनएसएसएचनं २०२१ मध्ये आवृत्ती ८.८ पासून जुनी आरएसए-शा-वन पद्धत बंद केली. तेवढ्यापुरतं एसएसएच या शब्दानंतर ‘डॅश ओ, स्पेस, होस्टकीअल्गोरिदम्स, बरोबरचं चिन्ह, अधिकचं चिन्ह, एसएसएच डॅश आरएसए’ असं जोडायचं. आणि सवडीनं राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करायचं.

मग वाईन कशाला? आमच्यापुरती कारणं दोन. पोरांचे हात विनबॉक्स ३ वर बसलेत, कुठली खिडकी कुठं हे त्यांना डोळे झाकून सापडतं. दुसरं म्हणजे राउटर-स्विचच्या धंद्यात फक्त विंडोजवर चालणारी छोटी छोटी साधनं बरीच आहेत, आणि सगळ्यांची लिनक्स आवृत्ती निघत नाही. विनबॉक्सवर हात बसला की तीच युक्ती बाकीच्यांनाही लागू पडते.

वाईन म्हणजे काय, हे दोन मिनिटं

वाईन १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प आहे. नावाचा विस्तारच मुळी ‘वाईन हा एम्युलेटर नाही’ असा. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात दुसरा विंडोजचा लॅपटॉप उभा राहत नाही. विंडोजचा प्रोग्रॅम ‘मला खिडकी उघडून दे’, ‘मला नेटवर्कवर पॅकेट पाठवून दे’ असं विंडोजच्या बोलीत मागतो आणि वाईन ते मागणं लिनक्सच्या बोलीत सांगतं, बस्स.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. विनबॉक्स वाईनमध्ये उघडलं तरी पॅकेट जातं-येतं लिनक्सच्याच कार्डातून, लिनक्सच्याच राउटिंगनं, लिनक्सच्याच फायरवॉलमधून. खिडकी दिसली, बटणं दाबली जातायत, पण राउटर सापडत नाही, असं असेल तर वाईनचं काम झालेलं आहे. पुढची चूक नेटवर्कात शोधायची. आमची पोरं अशा वेळी वाईन काढून पुन्हा बसवायची, आवृत्त्या बदलायची, एकानं तर अख्खं मिंट पुन्हा टाकलं. राउटर तसाच गप्प.

बसवणं

टर्मिनल उघडा. ‘सुडो एपीटी अपडेट’, एंटर. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसले नाहीत तरी घाबरू नका, तो जातोय. (एपीटी म्हणजे मिंटवर सॉफ्टवेअर बसवणारी आज्ञा.) मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल वाईन’. दोन-चारशे एमबी उतरेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर चहा सांगा.

कंपनीच्या साइटवरून विनबॉक्स ३ ची ६४ बिटची फाइल घ्या. ३२ बिटची घेतली तर वाईनचा ३२ बिटचा भाग वेगळा बसवावा लागतो, उगाच कशाला. फाइल काही एमबींचीच आहे आणि ती इन्स्टॉल करावी लागत नाही, तशीच चालते. ही फाइल व्हॉट्सॲपवरून किंवा कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप होणार, तो कुठून आला हे माहीत पाहिजे.

होम फोल्डरमध्ये ‘टूल्स’ नावाचा फोल्डर करा, फाइल त्यात ठेवा, तिथंच टर्मिनल उघडून ‘वाईन विनबॉक्स६४ डॉट एक्सई’ म्हणा. पहिल्यांदा वाईन स्वतःची मांडामांड करतं, त्याला अर्धा-एक मिनिट लागतो. मध्येच मोनो (काही विंडोज प्रोग्रॅमना लागणारा जोडभाग) बसवू का असं विचारलं तर कॅन्सल करा. विनबॉक्सला त्याची गरज नाही. सुडो लावून वाईन कधी चालवायचं नाही. विंडोजचा प्रोग्रॅम रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवणं म्हणजे दुकानाच्या किल्ल्या वाटसरूच्या हातात देणं. शिवाय त्यानं तयार झालेल्या फाइलींची मालकी रूटकडं जाते आणि दुसऱ्या दिवशी साधं वाईनही सुरू होत नाही.

अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर टर्मिनलमध्ये ‘वाईनसीएफजी’ टाइप करा, ग्राफिक्सच्या टॅबवर डीपीआयची पट्टी आहे. ९६ वरून १२० केलं की चाळिशी ओलांडलेल्यांची सोय होते.

वाईनची सगळी मांडणी होममधल्या ‘डॉट वाईन’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. कंट्रोल-एच दाबलं की तो दिसतो. चार-पाच साधनं वापरत असाल तर प्रत्येकाला वेगळं घर द्या. त्यासाठी आज्ञेच्या आधी ‘वाईनप्रीफिक्स’ हा शब्द सगळा कॅपिटलमध्ये, मग बरोबरचं चिन्ह, मग नवीन फोल्डरचा पूर्ण मार्ग, मग स्पेस देऊन नेहमीची वाईनची ओळ. एका साधनासाठी काही उलटंसुलटं केलं तर दुसरं सुरक्षित राहतं. हीच पूर्ण ओळ मिंटच्या मेनू एडिटरमध्ये नवीन आयटम करून कमांडच्या रकान्यात टाकली की मेनूमध्ये आपलं बटण तयार. त्या ओळीची सुरुवात ‘ईएनव्ही’ शब्दानं करा, आणि विनबॉक्सच्या फाइलचाही पूर्ण मार्ग द्या. नाहीतर टर्मिनलमध्ये चालणारी ओळ मेनूमधून चालत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

जुन्या विंडोजवर राउटरांची यादी जपलेली असेल तर तिथल्या विनबॉक्सच्या टूल्स मेनूमध्ये एक्सपोर्ट आहे. ती फाइल आणून इकडं इम्पोर्ट करा. यादी आली की लगेच मास्टर पासवर्ड लावा. तो नसेल तर ‘कीप पासवर्ड’वर खूण करून ठेवलेले पासवर्ड साध्या फाइलीत उघडे पडलेले असतात, आणि लॅपटॉप एसटीत विसरला की सगळी गिऱ्हाइकं गेली.

‘नेबर्स’मध्ये काहीच दिसत नाही

हा खरा मुद्दा. विनबॉक्स उघडलं, खाली नेबर्सची यादी आहे आणि ती कोरी. विंडोजवर हाच राउटर लगेच दिसायचा.

ही यादी भरते कशी ते आधी बघू. मायक्रोटिकचे राउटर थोड्या थोड्या वेळानं ‘मी इथं आहे’ अशी हाळी देत असतात, यूडीपीच्या ५६७८ पोर्टवर, सगळ्यांना उद्देशून. (यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती, आणि इथला पोर्ट म्हणजे केबलची खोबण नव्हे, नुसता क्रमांक.) विनबॉक्स स्वतःही उघडताना अशीच हाक मारतं आणि उत्तरं गोळा करतं. आयपी पत्ता नसलेल्या राउटरला नुसत्या मॅक पत्त्यावरून (कार्डाचा कारखान्यातच ठरलेला क्रमांक, ॲपलचा मॅक नव्हे) जोडायचं तर त्याला यूडीपी २०५६१ लागतो. आणि नेहमीचं, आयपीवरून जोडणं होतं टीसीपी ८२९१ वर. हे तीन आकडे पाठ करा, बाकी सगळं यावर उभं आहे.

सगळ्यात आधी वाकून पोर्टवरचा दिवा बघा. टॉवेलच्या कारखान्यात सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात, ते पोर्टमध्ये जाऊन बसतात आणि केबल लागल्यासारखी वाटते पण लागत नाही. मी खिशात जुना टूथब्रश ठेवतो. हसू नका, मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहून तासभर फायरवॉल तपासण्यापेक्षा ते बरं.

दिवा लागला तर केबल कुठल्या पोर्टात आहे ते बघा. कारखान्यातून येताना छोट्या मायक्रोटिकवर जी तयार मांडणी असते, तिच्यात पहिला पोर्ट इंटरनेटसाठी राखलेला असतो. त्या बाजूनं हाळीही देत नाही आणि मॅकवरून जोडूही देत नाही, आणि ते बरोबरच आहे. केबल दुसऱ्या पोर्टात लावा. सुरुवातीला सांगितलेल्या पोराचं एवढंच चुकलं होतं.

आता लॅपटॉपचा पत्ता. राउटर रिकाम्या मांडणीवर रीसेट केलेला असेल तर तो कुणाला आयपी वाटत नाही. लिनक्सचं नेटवर्क मॅनेजर पाऊण मिनिट वाट बघतं, मग जोडणी सोडून देतं, मग पुन्हा प्रयत्न करतं. कोपऱ्यातलं चिन्ह गोल गोल फिरत राहतं आणि तेवढ्या वेळात त्या कार्डाला पत्ताच नसतो. म्हणून पत्ता हातानं द्या. कोपऱ्यातल्या चिन्हावरून नेटवर्क सेटिंग्ज उघडा, वायर्डच्या चाकावर क्लिक करा, आयपीव्ही४ मध्ये मॅन्युअल निवडा. पत्ता १९२.१६८.८८.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे १९२.१६८.८८.१.

गेटवे लिहिला ते मुद्दाम. बरेच जण तो रकाना रिकामा ठेवतात, कारण आपल्याला यातून इंटरनेट थोडंच हवंय? पण विनबॉक्सची हाक जाते २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, आणि प्रोग्रॅमनं वेगळं काही सांगितलं नसेल तर लिनक्स ते पॅकेट डिफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) असलेल्या कार्डातून पाठवतं. डिफॉल्ट रूट वायफायचा असेल तर तुमची हाक वायफायवर जाते, केबलवर नाही. डिफॉल्ट रूटच नसेल तर ती लॅपटॉपातून बाहेरच पडत नाही. म्हणून गेटवे भरायचा आणि वायफाय बंद करायचं. टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’, किंवा सरळ कीबोर्डवरचं बटण.

वायफाय बंद करण्याचं दुसरंही कारण आहे, आणि ते मी पैसे मोजून शिकलोय. एका कारखान्यात नवीन राउटर टेबलावर ठेवून मांडत होतो. लॅपटॉप तिथल्याच वायफायवर, इंटरनेट पाहिजे म्हणून. तिथला चालू राउटरही १९२.१६८.८८.१ वरच होता, कारण तोही मीच बसवला होता आणि पत्ता बदलायचा आळस केला होता. विनबॉक्समध्ये पत्ता टाकला, आत गेलो, सिस्टिममध्ये जाऊन रीसेट कॉन्फिगरेशन दाबलं. टेबलावरचा राउटर शांत, आणि भिंतीवरच्या कपाटातून ‘बीप’. मिनिटभरात हिशोबाच्या खोलीतून मालक बाहेर आले, “काय ओ, बिल निघंना.” माझ्याकडं तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप होता म्हणून संध्याकाळपर्यंत सावरलं. तेव्हापासून प्रत्येक राउटरला सिस्टिम-आयडेंटिटीमध्ये गिऱ्हाइकाचं नाव देतो, आणि काही दाबण्याआधी खिडकीच्या डोक्यावरचं नाव मोठ्यानं वाचतो. पोरं चेष्टा करतात, करू देत.

इतकं करून यादी कोरीच राहिली तर फायरवॉल. मिंटवर यूएफडब्ल्यू असतं, आपोआप चालू नसतं, पण कुणीतरी चालू केलेलं असू शकतं. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ विचारा. ‘ॲक्टिव्ह’ आलं तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ५६७८ स्लॅश यूडीपी’, आणि तसंच २०५६१ साठी. एरवी तुम्ही बाहेर मारलेल्या हाकेचं उत्तर फायरवॉल ओळखून आत घेतं. इथं मात्र राउटर उत्तर देतो तेही सगळ्यांना उद्देशून, तुमच्या नावानं नाही. त्यामुळं फायरवॉलला ते अनोळखी पाहुणं वाटतं आणि दारातूनच परत जातं.

अंदाज करत बसण्यापेक्षा डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘आयपी ए’ टाइप करून केबलच्या कार्डाचं नाव बघा, बहुधा ‘ईएन’नं सुरू होणारं. मग ‘सुडो टीसीपीडम्प डॅश आय, कार्डाचं नाव, यूडीपी पोर्ट ५६७८’. मिनिटभर थांबा. ओळी पडायला लागल्या तर राउटरची हाळी लॅपटॉपपर्यंत पोचतेय. टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधीच पॅकेट बघतं, म्हणून इथं दिसतंय आणि विनबॉक्समध्ये नाही याचा अर्थ अडवणारी फायरवॉल आहे. इथंही काही नाही, तर लॅपटॉपला सोडा. केबल, मधला स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं), नाहीतर राउटरवरच कुणीतरी डिस्कव्हरी, म्हणजे ती हाळी देणं, बंद केलंय. सोलापुरात असो की कुठं, ही एकच चाचणी माझे सगळ्यात जास्त फेरे वाचवते.

वाईनला पूर्ण बाजूला ठेवायचं तर ‘मॅकटेलनेट डॅश क्लायंट’ नावाचं पॅकेज एपीटीनं बसतं. त्यातली ‘एमएनडीपी’ ही आज्ञा तीच शेजाऱ्यांची यादी थेट लिनक्समध्ये दाखवते.

यादीत राउटर दिसला की क्लिक कुठं करता यालाही महत्त्व आहे. मॅकच्या रकान्यावर केलं तर वर मॅक भरतो, आयपीच्या रकान्यावर केलं तर आयपी. पोरं पहिल्या दिसणाऱ्या रकान्यावर, म्हणजे मॅकवर, क्लिक करतात आणि मग मध्येच तुटतंय म्हणून वाईनला शिव्या देतात. मॅकवरची जोडणी ब्रॉडकास्टवर, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या पॅकेटवर, चालते, ती अडीअडचणीपुरती. आत जाऊन राउटरला पत्ता दिला की बाहेर या आणि आयपीवरून पुन्हा जा.

आत गेल्यावर

डावीकडं वर ‘सेफ मोड’चं बटण आहे, फायरवॉल किंवा पत्ते बदलण्याआधी ते दाबा. ते चालू असताना जोडणी तुटली तर त्या वेळात केलेले बदल राउटर स्वतःहून मागं घेतो. लगेच नाही, टीसीपीचा टाइमआउट ९ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ हात बांधून बसायची तयारी ठेवा, उगाच राउटरची वायर ओढू नका. सगळं जमलं की बटण पुन्हा दाबून मोड सोडायचा. हे विसरून विनबॉक्स बंद केलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात.

फाइल राउटरवर टाकायला विंडोजवर सगळे ओढून सोडतात. वाईनमध्ये त्यावर विसंबू नका. फाइल्सच्या खिडकीत अपलोडचं बटण आहे ते वापरा. फाइल निवडायची खिडकी उघडली की लिनक्सचं सगळं जग ‘झेड’ ड्राइव्हमध्ये सापडेल. त्यात होम, मग आपलं नाव, मग डाउनलोड्स. राउटरवरून उतरवताना फाइलवर राइट क्लिक करून डाउनलोड.

बॅकअप दोन तऱ्हेचे घ्या. फाइल्समधला बॅकअप त्याच राउटरवर परत घालायला बरा. पण दुसऱ्या मॉडेलवर न्यायचं असेल किंवा काय बदललं ते वाचायचं असेल, तर विनबॉक्सच्या टर्मिनलमधून एक्सपोर्ट काढा. ती साधी मजकुराची फाइल असते. राउटरओएस (राउटरमधलं मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) ७ मध्ये तिच्यात पासवर्ड आपोआप गाळले जातात, ६ मध्ये ते उघडे येतात, तेव्हा कुणाला पाठवताना बघून पाठवा.

कॉमेंटच्या रकान्यात मराठी लिहायचा मोह होतो. मीही लिहिलं होतं, परत उघडल्यावर भलतीच चिन्हं दिसली. रोमन अक्षरांत ‘गोदाम’ किंवा ‘मालक केबिन’ लिहा, चालतं.

८२९१ चा पोर्ट इंटरनेटच्या बाजूनं उघडा ठेवू नका. घरबसल्या बघता येतं म्हणून ठेवणारे पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये विनबॉक्सच्या सेवेत एक भोक सापडलं होतं, सीव्हीई-२०१८-१४८४७ या नावानं. पासवर्ड न देता बाहेरचा माणूस राउटरवरची वापरकर्त्यांची फाइल वाचू शकत होता. त्यावरचा इलाज एप्रिल २०१८ मध्ये ६.४२.१ या आवृत्तीत आला. पण ज्यांनी ती घातली नाही ते राउटर पुढं कितीतरी दिवस लुटले जात होते. आयपी मेनूमधल्या सर्व्हिसेसमध्ये विनबॉक्सवर डबल क्लिक करून ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये आतल्या नेटवर्कचाच पत्ता टाका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन.

वाईन हात टेकते तेव्हा

सगळीच साधनं विनबॉक्ससारखी सरळ नसतात. ज्याला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो किंवा जे उपकरण शोधायला विनपीकॅप-एनपीकॅपसारखी पॅकेट पकडणारी सोय मागतं, ते वाईनमध्ये उघडेल पण काम करणार नाही. त्यावर डोकं आपटू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी लॅपटॉप उभा करणारं सॉफ्टवेअर) विंडोज टाका, आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘नॅट’ न ठेवता ‘ब्रिज्ड’ निवडून केबलचं कार्ड द्या. नॅटमध्ये ब्रॉडकास्ट राउटरपर्यंत जातच नाही, वायफायवरून ब्रिज केला तरी नखरे होतात. मी एक स्वस्त यूएसबी-टू-लॅन घेऊन ते सबंध व्हर्च्युअल मशीनलाच देऊन टाकतो, मग मध्ये लिनक्स येतच नाही. ४ जीबी रॅमवर हे रडतखडत चालतं, ८ पाहिजे. आणि त्या जुन्या विंडोजला इंटरनेट देऊ नका.

राउटर मेला आणि नेटइन्स्टॉल, म्हणजे केबलवरून त्याचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायची वेळ आली तर मात्र विंडोजची आवृत्ती वाईनमध्ये चालवायच्या फंदात पडू नका. त्याला यूडीपीचे ६७ आणि ६९ हे पोर्ट लागतात, आणि १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्स साध्या वापरकर्त्याला देत नाही. मायक्रोटिकचंच लिनक्ससाठी ‘नेटइन्स्टॉल-सीएलआय’ आहे. लॅपटॉपला १९२.१६८.८८.२ द्या, वायफाय आणि फायरवॉल बंद करा, मॉडेलच्या प्रोसेसरप्रमाणं राउटरओएसची एनपीके फाइल घ्या. मग ‘सुडो, डॉट स्लॅश नेटइन्स्टॉल-सीएलआय, डॅश आर, डॅश ए, १९२.१६८.८८.३, फाइलचं नाव’. डॅश ए नंतरचा पत्ता राउटरला तात्पुरता मिळणारा, लॅपटॉपचा नाही. इथं दहातले आठ जण गोंधळतात. यावेळी केबल पहिल्या पोर्टात, किंवा ज्यावर ‘बूट’ लिहिलंय त्यात. रीसेटचं बटण दाबून धरून वीज द्या आणि दिवा लुकलुकून विझेपर्यंत सोडू नका. काम झालं की फायरवॉल परत चालू करायची.

राहिला सीरियल कन्सोल, म्हणजे नेटवर्काशिवाय वेगळ्या सीरियल केबलनं थेट उपकरणाशी बोलणं. त्यासाठी विंडोजचा टर्मिनल प्रोग्रॅम वाईनमध्ये ओढायची गरजच नाही. ‘सुडो यूजरमॉड डॅश ए जी (जी कॅपिटल), डायलआउट, आपलं नाव’ हे एकदा करा, लॉगआउट होऊन परत या. मग ‘स्क्रीन, स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाययूएसबी शून्य, ११५२००’. यात यूएसबी कॅपिटलमध्ये. मायक्रोटिकच्या राउटरबोर्डचा वेग ११५२००, सिस्कोचा बहुधा ९६००. स्क्रीनवर भलभलती चिन्हं आली तर वेग चुकलाय, काहीच आलं नाही तर एकदा एंटर मारून बघा. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग के. आमच्या पोरानं पहिल्यांदा ते न समजून लॅपटॉपचं झाकणच मिटलं होतं.